मामा नाहीये, काढ!

जानेवारी लागला की पुण्यातल्या चौकांना प्रबोधनाचं भरतं येतं. एरवी ज्या बांबूंवर कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा फडकत असतात, त्याच बांबूंवर 'रस्ता सुरक्षा अभियाना'चा फलक चढतो. डावीकडे हात जोडलेले नेते, उजवीकडे हात उंचावलेले नेते, वर गोलात त्यांचेही नेते, आणि एवढं सगळं बसवून उरलेल्या कोपऱ्यात इवलासा सिग्नल. त्याखाली मजकूर : 'लाल दिवा दिसताच थांबा, आपले अमूल्य जीवन वाचवा.' गेल्या खेपेला हा फलक आमच्या चौकात अशा बेतानं बांधला होता की त्याच्यामागे चौकातला खराखुरा सिग्नल पूर्ण झाकला गेला. लाल दिवा दिसताच थांबायची लोकांची तयारी असेलही. दिवाच दिसत नव्हता.

हा रस्ता सुरक्षा सप्ताह बरीच वर्षं नेमानं पार पडतो आहे. २०२१ मध्ये तर तो महिनाभर साजरा झाला. इतकी वर्षं आठवड्याभरात अभ्यासक्रम पुरा होईना, म्हणून मुदतवाढ दिली असावी.

मी चौकाच्या कडेच्या बसथांब्यावर उभा असतो. बस येईपर्यंत निरीक्षणाला भरपूर वेळ मिळतो आणि एवढ्या काळात प्रबोधनाची सगळी हत्यारं मी जवळून पाहिली आहेत. त्यातलं सर्वांत सुवासिक हत्यार म्हणजे गुलाब. २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि गांधीगिरीला गुलाबाचं फूल चिकटलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. पांढऱ्या टोप्या घातलेली कॉलेजची मुलं-मुली चौकात उभी राहतात आणि सिग्नल तोडणाऱ्याला अडवून, हसून, गुलाब देतात. तोडणारा आधी दचकतो, मग फूल घेतो, खिशाला लावतो आणि पुढच्या चौकात प्रसन्न मनानं पुढचा सिग्नल तोडतो. एकदा एक आजोबा स्कूटरवरून आले. पांढऱ्या पट्ट्याच्या मागे, डोक्यावर हेल्मेट, एक पाय जमिनीवर, असे मन लावून थांबले. फुलांचं वाटप चाललेलं पाहून त्यांनी हात पुढे केला. मुलगी म्हणाली, "नाही काका, तुम्ही नियम पाळलाय ना!" आजोबा म्हणाले, "म्हणजे पाळला की काही नाही?" मुलगी गप्प बसली. प्रश्न तिच्या अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

दुसरं हत्यार यमराज. कुठल्याशा नाट्यसंस्थेतला हौशी नट काळा झगा, चिकटवलेल्या मिशा, थर्माकोलची गदा आणि सोनेरी मुकुट अशा थाटात दुभाजकावर उभा राहून "चल, तुझी वेळ भरली!" असं गर्जतो. परिणाम असा होतो की लोक हिरव्या दिव्यालाही थांबतात आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आडवी लावून यमराजाबरोबर सेल्फी काढतात. मागे कोंडी होते. मृत्यूशी इतक्या जवळून ओळख झाल्यावर भीती कसली राहते? कार्यक्रम आटोपला की हे यमराज आयोजकांच्या दुचाकीवर मागे बसून, मुकुटासकट, बिनहेल्मेटचे घरी जातात. मोटार वाहन कायद्यात हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. मुकुटाचा तिथे उल्लेख नाही. पण यमराजाची पावती कोण फाडणार?

या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत आहे, की लोकांना माहीत नाही. एकदा कळलं की थांबतील. मला ही समजूत फार निरागस वाटते. लाल म्हणजे थांबा, हे बालवाडीतलं पोरही हातवारे करून सांगतं. लायसन्स काढताना तर परीक्षाच असते. शिकाऊ परवान्याच्या चाचणीत साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. म्हणजे चाळीस टक्के चिन्हं न ओळखताही माणूस कायदेशीररीत्या रस्त्यावर येऊ शकतो. पण लाल दिवा त्या चाळिसांत नसतो, तो सगळ्यांना येतो. मग आरटीओच्या मैदानावर आठ काढायचा, पाय न टेकवता. तिथून बाहेर पडल्यावर आयुष्यात कधीही कुणाला आठ काढावा लागत नाही आणि रोज ज्या दिव्यासमोर उभं राहायचं, तिथे थांबून दाखवायला कुणी सांगत नाही.

खरी गोष्ट अशी आहे की वाहनचालकाचं शिक्षण जोरात चालू आहे. वर्षातले बाराही महिने, फलकाशिवाय, गुलाबाशिवाय. फक्त उलट्या दिशेनं.

नवं लायसन्स मिळालेला एखादा मुलगा बघा. सकाळी पावणेदहाला कर्वे रस्त्यावर लाल दिवा पाहून तो पट्ट्याच्या मागे थांबतो. लगेच वर्ग भरतो. मागचा हॉर्न वाजवतो. त्याच्या मागचा, आपलं नक्की काय अडलंय हे न कळताही, हॉर्न वाजवतो. बाजूनं एक जण जाता जाता मान वळवून त्याच्याकडे अशा करुणेनं पाहतो, की या वयात पोराला काय झालं! रिक्षावाले काका मान बाहेर काढून विचारतात, "काय, चहा सांगू का?" आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे मागच्या सीटवरचा मित्र. तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, झाडामागे बघतो, टपरीमागे बघतो आणि खांद्यावर थाप मारून मंत्र देतो : "मामा नाहीये, काढ!"

मुलगा काढतो. आणि काही होत नाही.

हे 'काही होत नाही' जगातलं सर्वांत परिणामकारक शिक्षण आहे. त्याच्यापुढे फलक, पथनाट्य, यमराज सगळे फिके. सोमवारी तोडला, काही झालं नाही. मंगळवारी तोडला, काही झालं नाही. पावसात तोडला, नवरात्रात तोडला, परीक्षेला जाताना तोडला. शंभरदा उत्तर बरोबर आल्यावर विद्यार्थ्याला विषय आपल्याला येतो असंच वाटणार. या शाळेची एकच अडचण आहे. इथे जो नापास होतो तो पुढच्या वर्गाला अनुभव सांगायला येत नाही.

मामा नसणं हा या शिक्षणाचा पाया. चौकात दिवे तीन असले तरी आपले लोक पाहतात ते चौथ्याकडे, म्हणजे वाहतूक पोलिसाच्या पांढऱ्या शर्टाकडे. पांढरा शर्ट दिसला की पन्नास मीटर आधीपासून सभ्यता सुरू होते. हातातला मोबाइल खिशात जातो, हँडलला लटकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं, तिसरा प्रवासी उतरून पायी चालू लागतो आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा चढतो. एकदा आमच्या चौकात एका शाळेचा शिपाई रस्ता ओलांडायला उभा होता. पांढरा शर्ट, खाकी पँट, हातात रजिस्टर. त्याला पाहून चारी बाजूंची वाहनं थबकली. एका मोटारवाल्यानं तर घाईघाईनं पट्टा लावला. शिपाई बिचारा इतका गोंधळला की ओलांडायचं सोडून परत फुटपाथवर चढला. तेवढा वेळ त्या चौकातली वाहतूक युरोपातली वाटत होती.

तोडणाऱ्यांतही घराणी आहेत. पिवळ्याचं घराणं सर्वांत जुनं. पिवळा लागला की पट्ट्याआधी थांबायचं, अगदी इतकं जवळ आला असाल की थांबणंच धोक्याचं ठरेल तरच पुढे जायचं, असा नियम आहे. या घराण्यात पिवळ्याचा अर्थ 'जोर लावा' असा होतो. दुरून पिवळा दिसला की गाडीचा आवाज बदलतो, चालक पुढे वाकतो आणि मागे बसलेली मावशी देवाचं नाव घेते. दुसरं घराणं विलंबित लयीचं. हे लोक सिग्नल तोडत नाहीत, तो झिजवतात. लाल लागला की पट्ट्यावर थांबतात. मग वीतभर पुढे, पुन्हा वीतभर पुढे. नव्वद सेकंदांत झेब्रा क्रॉसिंग पार होतं आणि हिरवा लागतो तेव्हा ते चौकाच्या मधोमध, चारी बाजूंनी सारखेच अडचणीत असतात. सिग्नल त्यांच्या पाठीमागे गेल्यामुळे तो हिरवा झाला हे त्यांना मागच्यांनी हॉर्न वाजवून सांगावं लागतं.

कायदेपंडितांचा एक वर्ग आहे, त्याच्याबद्दल मला खरोखर आदर वाटतो. सरळ जायचंय, पण लाल आहे. मग हा डावीकडे वळतो, वीस पावलांवर यू-टर्न घेतो आणि परत येऊन पुन्हा डावीकडे वळतो. झाला सरळ! एकही दिवा 'तसा' तोडला नाही. डावीकडे वळायची मोकळीक पाटी असेल तरच असते, हा तपशील तो मनावर घेत नाही. दुसरा एक पंडित मी पाहिलाय, जो लाल लागताच गाडीवरून उतरतो आणि ती ढकलत झेब्रा क्रॉसिंगवरून नेतो. का, तर आता तो पादचारी. पलीकडे पोचला की किक मारून पुन्हा वाहनचालक. एवढी बुद्धी एका मिनिटासाठी खर्च करणारा समाज दुसरीकडे मिळणार नाही.

आणि त्या मिनिटाचं काय होतं, हेही मी पाहिलं आहे. नळ स्टॉपला सिग्नल तोडून गेलेला वीर पुढच्या सिग्नलला उभा असतो, आणि मागे इमानदारीत थांबलेला माणूस सावकाश येऊन त्याच्याच शेजारी थांबतो. दोघं एकमेकांकडे पाहत नाहीत. पुढचाही तोडून हा ऑफिसला तीन मिनिटं लवकर पोचला, तर खाली अमृततुल्यावर वीस मिनिटं चहा पितो आणि पुण्यातल्या ट्रॅफिकला शिस्त कशी नाही यावर बोलतो.

खरा घोळ मात्र आकडेवाल्या सिग्नलचा. लाल दिव्याशेजारी सेकंद उलटे मोजत येतात. पाच उरले की आपल्या बाजूचे लोक सुटतात. बंदुकीचा आवाज व्हायच्या आत धावपटू पळावेत तसे. त्याच सुमारास आडव्या रस्त्यावर लाल लागत असतो आणि तिथले पिवळ्याचे घराणेदार 'आत्ताच तर लागला' म्हणत शिरत असतात. सिग्नल आखणाऱ्या अभियंत्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असतो. म्हणून एका बाजूचा हिरवा जाऊन दुसरीचा यायच्या मध्ये ते सेकंद-दोन सेकंद चारी बाजूंना लाल ठेवतात, चौकातली उरलीसुरली गाडी बाहेर पडावी म्हणून. ती जागा आपण दोन्हीकडून कुरतडून संपवली आहे. इकडचे पाच सेकंद आधी निघतात, तिकडचे पाच सेकंद उशिरा घुसतात, आणि दोघांची गाठ जिथे पडते तिथे कुणाचाच दिवा हिरवा नसतो. नंतर रस्त्यावर जमलेल्या गर्दीसमोर दोघंही शपथेवर सांगतात की आपला सिग्नल सुटला होता.

इथे थोडं गणित सांगतो. कंटाळवाणं आहे, पण यमराजापेक्षा खरं आहे. ताशी ५० किलोमीटर हा काही फार वेग नाही, मोकळा रस्ता मिळाला की स्कूटरसुद्धा तो गाठते. या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर कुणी आडवं आलं हे डोळ्यांना दिसून, डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद जातो. म्हणजे १४ मीटर गेले, अजून ब्रेक लागायचाच आहे. लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण तेवढंच अंतर. एकूण झाले २८ मीटर, दोन सिटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर त्यांच्याहून जास्त. वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं, ते वेगळंच. आणि चौकाची रुंदी काही तुमच्या वेगानुसार वाढत नाही.

शिवाय चौकातली धडक समोरून होत नाही, ती कुशीत होते. मोटारीच्या नाकात बॉनेट असतं, इंजिन असतं. चेपायला तिथे निदान मीटरभर लोखंड आहे, आणि चेपता चेपता ते धक्का गिळतं. दाराच्या बाजूला माणूस आणि बाहेरचं जग यांच्यात अंतर किती? वीतभर. दुचाकीवाल्याला तेही नाही, त्याच्या बाजूला त्याचा स्वतःचा पायच असतो. आणि ज्याच्या कुशीत गाडी घुसते तो बहुतेक वेळा हिरव्यावर निघालेला, नियमानं चाललेला असतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा. दिवसाला ४६० च्या वर. त्यात सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा आहे. सिग्नल तोडणाऱ्यांचा वाटा त्यामानानं छोटा, असं म्हणून कुणी समाधान मानणार असेल तर मानो बापडा. मारणारा आणि मरणारा बऱ्याचदा वेगवेगळा असतो, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मुळात हा लाल दिवा आला रेल्वेतून. १८६८ च्या डिसेंबरात लंडनला पार्लमेंटसमोर पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला तो जॉन पीक नाइट या रेल्वेवाल्याच्या डोक्यातून. दिवसा आगगाडीच्या सिग्नलसारखे हात वर-खाली व्हायचे आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागायचे, ते फिरवायला पोलीस. महिना उलटायच्या आत गॅसचा स्फोट झाला आणि पोलीस जखमी झाला. म्हणजे जगातल्या पहिल्या सिग्नलनं पहिला धडा मामांनाच दिला. त्यानंतर लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षं हा नाद सोडला. अमेरिकेत क्लीव्हलँडला विजेचे दिवे लागले ते १९१४ मध्ये.

रेल्वेनं मात्र तो लाल दिवा कधी थट्टेवारी नेला नाही. दादर गाठायला उशीर झाला म्हणून घरापासून स्टेशनापर्यंतचे सगळे सिग्नल तोडत आलेला माणूस लोकलमध्ये चढतो. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबते. समोर लाल आहे. गाडीत हजारो माणसं, प्रत्येकाला घाई, कुरकुर चालू, पण "अरे, कोणी नाहीये, काढ!" असं मोटरमनला एकही जण ओरडून सांगत नाही. उलट त्यानं काढली तर? या कल्पनेनंच सिग्नल तोडणाऱ्यांचे हात वरच्या कडीवर घट्ट होतील. लाल ओलांडला तर मोटरमनच्या नोकरीवर गदा येते, आणि ती थर्माकोलची नसते. काही स्वयंचलित सिग्नलांना लाल असताना पुढे जायची मुभा आहे, पण आधी दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, मग डोळ्यांत तेल घालून सरपटत. एवढ्यावरही न भागवता मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अशी यंत्रणा आहे की मोटरमन चुकला तरी ब्रेक आपोआप लागतात. आपला जीव दुसऱ्याच्या हातात असला की आपल्याला नियम किती कडक हवे असतात!

प्रबोधन होतच नाही असं मी म्हणत नाही. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहराचे महापौर अंतानास मोकस यांनी १९९५ च्या सुमारास चौकाचौकांत मूकनाट्याचे नट उभे केले. तोंडाला पांढरा रंग फासलेले हे नट झेब्रा क्रॉसिंगवर गाडी घालणाऱ्याच्या बाजूला जाऊन त्याची हुबेहूब नक्कल करायचे, गाडी मागे ढकलल्याचा अभिनय करायचे. पावती नाही, शिवी नाही. रस्त्यावरचे लोक मात्र खो खो हसायचे. माणसं दंडाला भीत नव्हती, पण हसं व्हायला भ्यायली. सुरुवातीला वीस नट होते, पुढे आणखी चारशे घ्यावे लागले. आपल्याकडे नटांचा तुटवडा नाही. पण आपण त्यांना यमराज करतो, आणि यमराजाला कुणी हसत नाही. त्याच्याबरोबर हसत फोटो काढतात, ते निराळं.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला जाहीर केलेला प्रयोग मला त्याहून आवडला. काही सिग्नलांना आवाज मोजायचं यंत्र जोडलं. लाल दिव्याला उभं राहून लोकांनी हॉर्न वाजवले आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की उलटे मोजत आलेले सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जितका हॉर्न वाजवाल तितकं थांबाल. त्याची चित्रफीत पाहताना मला समोरच्या लोकांचे चेहरे फार आवडले. पहिल्यांदाच मागच्या हॉर्नवाल्याकडे सगळा चौक वळून बघत होता. थांबणाऱ्याला नाही, थांबू न देणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं होतं. असा सिग्नल आमच्या चौकात बसवला तर तो दिवाळीपर्यंत लालच राहील, पण तत्त्व चोख आहे.

कायदाही कमी कडक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, लाल दिवा ओलांडणं नाव घेऊन घातलेलं आहे. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने ते वर्षभर कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे ऐकून कुणाला घाम फुटलेला मी पाहिलेला नाही. शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती नक्की असली की माणूस थांबतो, आणि नक्की असते ती फक्त कॅमेऱ्याची. कॅमेरा झाडामागे लपत नाही, जेवायला जात नाही आणि त्याच्या ओळखीचं कुणी नसतं.

म्हणून कॅमेऱ्याविरुद्ध संशोधनही जोरात आहे. कुणी नंबरप्लेट वाकवतो, कुणी तिच्यावर ओढणी सोडतो, कुणी आकडे अशा वळणाचे काढून घेतो की मशीन वाचतं 'दादा'. तरीही चलन येतंच. पण ते येतं गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर. गाडी वडिलांच्या नावावर, हाकतात चिरंजीव. आमच्या ओळखीच्या एका घरात असं चलन आलं, फोटोसकट. वडील चष्मा लावून बराच वेळ फोटो न्याहाळत बसले. चिरंजीव भेदरून उभे. आता सिग्नलवर व्याख्यान होणार या तयारीत. वडिलांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "मागे कोण बसलीये?" पुढचे दोन तास त्या घरात जे बोलणं झालं त्यात लाल दिव्याचा उल्लेख एकदाही नव्हता. चलन तसंच राहिलं. लोकअदालतीत तडजोड होते म्हणून बरीच मंडळी चलनं अशी साठवून ठेवतात आणि तारीख जाहीर झाली की एकमेकांना आनंदानं कळवतात.

सिग्नलांची बाजूही घेऊन चालणार नाही. काही गुलमोहराच्या फांदीत लपलेले आहेत. काही इतके वेळ लाल राहतात की माणसाला आपण विसरलो गेलो असं वाटतं. काही चौकांत पायी चालणाऱ्याला हिरवा माणूस इतके मोजके सेकंद दिसतो की तेवढ्यात तो रस्ता फक्त हिरवा माणूसच ओलांडू शकेल. वीज गेली की सगळंच विझतं. जो सिग्नल स्वतःच नीट वागत नाही त्याला मान द्या, हे सांगणं अवघड जातं. ते दुरुस्त करायचं काम ज्यांचं आहे त्यांनी गुलाब वाटण्याआधी ते करावं, असं माझं मत आहे. फांदी छाटायला महिनाभराचं अभियान लागत नाही.

पण नीट चालणारा, स्वच्छ दिसणारा, साठ सेकंदांचा सिग्नलही तोडला जातोच, आणि तो तोडायला लावणारे हात हँडलवर नसतात. म्हणून वाहनचालकांना शिकवणं आता पुरे झालं. त्यांना सगळं येतं. शिकवायचं असेल तर मागच्यांना शिकवा. पुढची गाडी लाल दिव्याला थांबली असेल तर, हॉर्नवर अंगठा ठेवलेल्या माणसा, तिला दिसतोय तो दिवा तुलाही दिसतोय. रिक्षावाले काका, चहा सांगायचाच असेल तर खरंच सांगा, तेवढा वेळ असतो. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या मित्रांनो, मैत्रिणींनो, बायकांनो, नवऱ्यांनो, तुम्हाला एवढीच विनंती : मामा आहे की नाही हे बघून सांगायचं काम तुम्हाला कुणी दिलेलं नाही. पुढच्याची चुळबुळ सुरू झाली की त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "थांब, मला घाई नाही." घाई असली तरी म्हणा.